एकेक शब्दाचा एकेक मेसेज पाठवणाऱ्या नातेवाइकाला सांगावं का?

व्हॉट्सॲपवर मेहुण्याच्या तुटक मेसेजांनी दिवसभर फोन वाजतो, त्याला सांगितलं तर उद्धटपणा होईल का, असं तुम्ही विचारलंय. होत नाही. फक्त समोर बसून, चहा पिता पिता सांगा. तेच टाइप केलं की भांडण काढल्यासारखं दिसतं.

आमचे दाजी असेच. 'अरे', 'ऐक', 'घरी', 'आहेस', 'का'. पाच वेळा टुंग! कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून मी ओल्या अंगानं न्हाणीतून बाहेर यायचो.

ग्रुपचं दुखणं मात्र वेगळं. आम्ही सांगलीत, नदीच्या बाजूला राहतो. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, कोयनेतून किती विसर्ग सोडला, हे पावसाळ्यात आधी गल्लीच्या ग्रुपवर येतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी वैतागून तो ग्रुप वर्षभरासाठी म्यूट केला होता. (कायमचा म्यूट तेव्हा नव्हताच, तो २०२० मध्ये आला.) 'सामान वर न्या' हा मेसेज गुलाबाची फुलं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकांखाली गाडला गेला. शेजारच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा कळलं. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा फ्रिज, गव्हाची पोती, लग्नाचा अल्बम, सगळं खालीच राहिलं. राग आला तो पाण्यापेक्षा त्या सुप्रभातांचा. आणि माझाही, खरं सांगायचं तर.

नंतर आम्ही फक्त पाण्याच्या बातम्यांसाठी वेगळा ग्रुप काढला. त्यात ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येत नाही, ती सोय सेटिंगमध्येच आहे. तो वाजता ठेवलाय, बाकीचे सगळे म्यूट. म्यूट असला तरी कुणी तुमचं नाव घालून हाक मारली की कळतं, त्यामुळे काम अडत नाही. नको असलेल्या ग्रुपातून गुपचूप बाहेरही पडता येतं, २०२२ पासून त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण ॲडमिन सासरचा असेल तर पडू नका!

दाजींना मी म्हटलं, "दाजी, सगळं एका दमात लिहा की, पाचदा धावावं लागतंय." हसले, "बरं" म्हणाले. आता मेसेज बंद झालेत. चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज येतात.