नोकरी सोडून बडोद्यातच राहून फ्रीलान्स वेब डिझायनर म्हणून करिअर होऊ शकतं का?

होतं. मी करतोय, 2012 पासून, दांडिया बाजारातल्या घराच्या माडीवर बसून, पण त्यातली पहिली चार वर्षं नोकरी सांभाळून, हे आधीच सांगून ठेवतो. तू लिहिलंयस की वय चोवीस, एजन्सीत दीड वर्ष वर्डप्रेसवर साईट बनवतोयस, आता रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टची एक लायब्ररी) शिकून फायवर या फ्रीलान्स कामांच्या साईटवर उतरू की इथलीच कामं धरू ते कळत नाहीये, आणि घरचे नोकरी सोडू देत नाहीयेत. (अरे-तुरे करतोय, वयाने बराच लहान आहेस, चालेल ना.)

घरचे बरोबर आहेत. निदान आत्ता तरी. अख्ख्या प्रश्नात तू काय शिकू एवढंच विचारलंयस, दर महिन्याला पैसे कुठून येणार ते एकदाही नाही. मी पण तसाच होतो.

2014 ला मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या काकांची साईट केली, 35,000 घेतले, खूष होतो. तीन महिन्यांनी त्यांचा फोन, "भाई, तमारी वेबसाइट तो शोपीस छे." एकही एन्क्वायरी नाही म्हणे. गेलो, त्यांच्याच केबिनमध्ये बसून फॉर्म भरला, स्क्रीनवर झक्क "थँक यू" आलं आणि मेल काही येईना. दहा मिनिटं रिफ्रेश करत बसलो, काका समोर चहा पीत बघतायत. नशीब की फॉर्मचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) प्रत्येक एन्क्वायरी डेटाबेसमध्येही ठेवत होतं, उघडलं तर 41 पडलेल्या, त्यात 9 देशाबाहेरच्या.

चूक सगळी माझी. मी पाठवणाऱ्याच्या जागी फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल टाकला होता, म्हणजे मेल निघायचा आपल्या होस्टिंगवरून आणि सांगायचा की मी अमुक जीमेलवाला, मग समोरचा सर्व्हर एसपीएफ (कोणाच्या नावाने कुठला सर्व्हर मेल पाठवू शकतो ती यादी) तपासतो, ह्या सर्व्हरला त्या नावाने पाठवायची परवानगीच नाही म्हटल्यावर स्पॅममध्ये टाकतो नाहीतर घेतच नाही. दुरुस्ती अर्ध्या तासाची: पाठवणारा कंपनीच्याच डोमेनचा पत्ता, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये, मेल एसएमटीपीने (म्हणजे लॉगिन करून, रीतसर मेल सर्व्हरमधून), आणि डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) नीट. आजही इथल्या कारखान्यांच्या साईट उघडून फॉर्म भरून बघ, हाच घोळ सापडेल.

काका ओरडले नाहीत. खिडकीतून कॉम्प्रेसर दाखवला आणि म्हणाले, त्याचा माणूस दर तीन महिन्यांनी येऊन बघून जातो, तू का येत नाहीस? मी म्हटलं त्याचं एएमसी असतं, वर्षभराच्या देखभालीचा करार. काका म्हणाले, मग तू पण कर की!

तिथून माझं खरं दुकान सुरू झालं. वर्षाला 12,000, त्यात बॅकअप, अपडेट, महिन्यातून एकदा टेस्ट एन्क्वायरी टाकून ती पोचली का बघणं आणि चार-सहा किरकोळ बदल. कारखानदाराला "मेंटेनन्स प्लॅन" समजावत बसलास तर तो जांभई देतो, एएमसी म्हटलं की लगेच कळतं, एसीचं आहे, लिफ्टचं आहे, आता साईटचं. 2016 ला अशी 14 एएमसी झाली तेव्हा नोकरी सोडली, वर्षाचे 1,68,000 म्हणजे महिन्याला 14,000, श्रीमंती नाही पण किराणा, लाईट बिल आणि पोराची फी सुटायची, नवीन काम आलं नाही तरी झोप लागायची. तू पण रिअ‍ॅक्टचे कोर्स मोजण्यापेक्षा एएमसी मोज.

वर्डप्रेस 2003 चं आहे, दरवर्षी कोणीतरी ते मेलं म्हणून सांगतं आणि माझी वीज त्याच्यावरच चालते. जावास्क्रिप्ट मात्र नीट शीक, प्लगइन अडलं की तेच उपयोगी पडतं. फायवर वाईट नाही, पण तुझ्या कमाईतले 20 टक्के ते ठेवतात आणि तिथे तुला ओळखणारं कोणी नसतं. इथे एका व्हॉल्व्हवाल्याच्या शेडला लागून पंपवाला असतो, त्याच्या पलीकडे गॅस्केटवाला, आणि तिघं एकत्र चहा पितात.

कामात वेळ कशात जातो ते एजन्सीत तुला कळणार नाही. कंटेंटमध्ये. मालक म्हणतो उद्या देतो, आणि तो उद्या दोन महिन्यांनी उगवतो, तोही 18 एमबीची कॅटलॉगची पीडीएफ, आतलं गुजराती जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं, कॉपी केलं की अगम्य अक्षरं, म्हणजे परत टाईप करणं आलं. मी आता वाटच बघत नाही, पांढरी कार्डशीट घेऊन जातो, खिडकीजवळच्या टेबलावर एकेक व्हॉल्व्ह पुसून ठेवतो आणि फोनवरच फोटो काढतो, एका दुपारी साठ-सत्तर होतात. तेव्हाच सुपरवायझरला विचारत जातो की हा कुठे लागतो, केवढं प्रेशर घेतो, ते लिहून घेतलं की पानाचा मजकूर झाला. (गुजराती मजकुरासाठी गूगल फॉन्ट्सवर चक्क हिंद वडोदरा नावाचा फॉन्ट आहे, फुकट. आपल्या गावाचं नाव म्हणून नाही, खरंच चांगला वाचता येतो. मराठीला मी मुक्ता घेतो.)

पैशाचं लिहूनच घे. माझं 50 टक्के आधी, 30 डिझाईन पास झाल्यावर, 20 साईट लाईव्ह व्हायच्या आधी, आधी म्हणजे आधीच. "पैसा क्यां भागी जवाना छे" असं प्रेमाने म्हणतील, पैसे पळत नाहीत हे खरं, पण चालत पण येत नाहीत. आणि 30 दिवसांत कंटेंट आलं नाही तर दुसरं बिल निघेल ही ओळ कोटेशनमध्येच टाक, त्या एका ओळीने माझी निम्मी भांडणं वाचली.

डोमेन क्लायंटच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्याच कार्डवरून. एका क्लायंटचं डोमेन आधीच्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलेलं होतं, तो फोन उचलेना, आणि कंपनीचे सगळे मेल त्याच डोमेनवर, आठ महिने गेले ते सोडवण्यात. त्या माणसाने फसवलं असंही नाही, तो विसरून गेला होता बस.

टॅक्सचं थोडक्यात. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतील, घाबरू नकोस, इन्कम टॅक्सच्या साईटवर तुझ्या नावावर दिसतो, रिटर्न भरलास की हिशोबात येतो किंवा परत मिळतो. सर्व्हिसला जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या पुढे, तोवर उगाच नंबर घेऊ नकोस. बाकी सीएला विचार, तो पण साईट मागेल, ती फुकट करू नकोस.

आणि नवरात्रीत लाँच ठेवू नकोस, रात्रभर गरबा खेळून आलेल्या माणसाकडून अप्रूव्हल मिळत नाही, मग दिवाळी. ओळखीतल्या दोन-तीन कारखान्यांच्या साईट आत्ताच तपास, फॉर्म भरून बघ, काय बिघडलंय ते एका कागदावर लिहून ठेव आणि दिवाळीनंतर लाभपाचमेला ऑफिसं उघडली की तो कागद घेऊन जा. त्या दिवशी नव्या कामाला इथला कुठलाच शेठ नाही म्हणत नाही.