औलीला पहिल्यांदा स्कीइंगला जाताय? आधी बूट बघा

जानेवारीत उत्तराखंडातल्या औलीला, छान बेत केलाय! स्की-बुटांसाठी बेळगावचा खडेबाजार पालथा घालू नका, ते तिथं भाड्यानं मिळतात. इथून न्यायचं ते अंगावरचं: लोकरीचे मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन. जीन्स आणि सुती मोजे घरीच ठेवा, ओले झाले की लवकर वाळत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. मोज्यांची एकच जोडी घालून बकल लावा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की थोडी मागं सरली पाहिजेत. आत टाच उचलत असेल तर बूट मोठा आहे. नवखे हमखास इथंच चुकतात: ऐसपैस वाटतो म्हणून मोठा नंबर घेतात, मग स्की काही केल्या वळत नाही. स्की हनुवटीपर्यंत उंच असली तरी पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका, लावणाऱ्याला वजन खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून सुटतो की नाही, ते त्यावरही ठरतं. हेल्मेट मागून घ्या.

शिक्षकांचे दोनच शब्द आधी समजून घ्या:

- फॉल लाइन: उतारावर पाणी सोडलं तर जिकडं धावेल ती दिशा.
- स्नोप्लाउ: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडांवर दाब. सुरुवातीला हाच तुमचा ब्रेक.

भीती वाटली की माणूस मागं रेलतो आणि स्की ताब्यातून सुटते. नडगी बुटाला पुढून टेकलेलीच ठेवा. पॅरलल टर्नचं, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळण्याचं, नंतर बघू. तोवर येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढ-उतार सुरू करा, मांड्या तयार होतील.