इंग्लंडच्या खेड्यात अमेरिकी बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतून इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहायला गेलेल्या कुटुंबांकडून आणि त्यांच्या आप्तांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण पुष्कळांना येणारी असल्यामुळे तिचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. बरीच वर्षे न्यू जर्सीत काढून आम्ही दोघेही अमेरिकेचे नागरिक झालो आणि आता श्रॉपशरमध्ये, लडलोजवळच्या एका खेड्यात, जुने दगडी घर विकत घेऊन राहतो आहोत. घरामागच्या बागेच्या कडेने एक पायवाट जाते आणि तिच्यावरून अनोळखी माणसे कुत्र्यांसह खुशाल ये-जा करतात. अमेरिकेत आम्ही अशा जागी फाटक बसवून ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी लावली असती. येथे ते चालेल का? घर संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत ‘ग्रेड टू’ या वर्गात असल्याने खिडक्या बदलता येत नाहीत, असेही कळते. त्यांतून थंड वारा येतो. शिवाय शेजारी भेटले की हवेविषयी गोड बोलतात, पण अजून कोणी घरी बोलावलेले नाही, याचे मनाला वाईट वाटते.
— एक दांपत्य, श्रॉपशर

उत्तर : फाटक बसवू नये आणि पाटी तर मुळीच लावू नये. ती वाट सार्वजनिक पायवाट असेल, तर खालची जमीन आपल्या मालकीची असली तरी तिच्यावरून पायी जाण्याचा हक्क सर्वांचा आहे; घराचा मालक बदलल्याने किंवा बरीच वर्षे तेथून कोणी न गेल्याने तो हक्क आपोआप संपत नाही. वाट अडवणे हा १९८०च्या हायवेज ॲक्टखाली गुन्हा आहे आणि लोकांना वाट वापरण्यापासून परावृत्त करील अशी दिशाभूल करणारी पाटी लावणे हा १९४९च्या कायद्याखाली गुन्हा आहे. नवे फाटक बसवायचे तर स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती मुख्यतः शेतीची जनावरे आत-बाहेर होऊ नयेत यासाठी दिली जाते. बागेतील एकांत हे कारण तेथे पुरत नाही.

म्हणून प्रथम श्रॉपशर कौन्सिलकडे असलेला ‘डेफिनिटिव्ह मॅप’, म्हणजे सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा, पाहावा. त्यावर वाट दाखवलेली असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने निर्णायक पुरावा असतो. घर घेताना वकिलाने कौन्सिलकडून मागवलेल्या कागदांतही तिचा उल्लेख असण्याची शक्यता आहे, तेव्हा ती फाईल पुन्हा उघडून पाहावी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशांवर अशा वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. प्रत्यक्ष जागेवर पिवळा बाण पायवाट दाखवतो, तर निळा बाण घोडेस्वार आणि सायकलस्वार यांनाही खुली असलेली वाट दाखवतो.

हा हक्क इंग्रज माणसाला किती जिव्हाळ्याचा आहे, हे समजून घेतल्याखेरीज तेथील खेड्यात मन रमणार नाही. १९३२च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधील किंडर स्काउट या डोंगरावर, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीत, गिरण्या-कारखान्यांत राबणारे शेकडो तरुण मुद्दाम चालत गेले आणि त्यांच्यापैकी काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला, वाटांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले आणि २००० सालच्या कायद्याने डोंगरमाथे व माळराने यांच्या मोठ्या भागावर मोकळेपणी फिरण्याचा हक्क दिला. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटरच्या सार्वजनिक वाटा नोंदलेल्या आहेत. बांधावरून चालत आलेली वहिवाट अडवली की तहसीलदाराकडे दावा जातो, हे सांगलीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की, तेथे हक्क प्रामुख्याने आसपासच्या शेतकऱ्यांचा असतो, आणि येथे मँचेस्टरहून सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्यालाही तो तितकाच आहे.

आपल्या हाती काही नाही, असे मात्र समजू नये. चालणाऱ्याला वाटेवरून जाण्याचा, क्षणभर विसावण्याचा हक्क आहे. आपल्या हिरवळीवर पथारी पसरण्याचा किंवा कुत्रा मोकळा सोडून फुलझाडे तुडवू देण्याचा नाही. वाटेच्या आणि घराच्या मध्ये हॉथॉर्नचे किंवा बीचचे कुंपण लावावे, म्हणजे काही वर्षांत खिडक्यांना आडोसा मिळेल. त्याच्या फांद्या वाटेवर येऊ न देणे ही जबाबदारी आपली राहील. ‘पायवाट इकडे’ असा बाण लावण्याबाबत कौन्सिलच्या संबंधित अधिकाऱ्याशी बोलावे, कारण बागेत भरकटणारी बहुतेक माणसे वाट न सापडल्यामुळेच भरकटतात. वाट दुसरीकडे वळवण्याचा अर्ज करता येतो, परंतु त्याला खर्च येतो, वेळ लागतो, कोणीही हरकत घेऊ शकते, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाने गावात पहिले काम म्हणून हा अर्ज करावा असे मला अजिबात वाटत नाही.

खिडक्यांबाबतही विचार असाच करावा लागतो. इंग्लंडमधील यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतील दर दहांपैकी नऊहून अधिक ग्रेड टूच्या आहेत, म्हणजे आपण एकटे नाही. कौन्सिलच्या संमतीशिवाय अशा घराचे ऐतिहासिक स्वरूप बदलणे हा गुन्हा आहे, आणि ते पूर्ववत करण्याची नोटीस काढण्यासाठी कालमर्यादा नसल्यामुळे पूर्वीच्या मालकाने केलेल्या फेरबदलाचे ओझेही नव्या मालकावर येऊ शकते. मात्र संमतीसाठी अर्ज करण्यास शुल्क नाही. जुन्या चौकटी न काढता आतल्या बाजूने काचेचा दुसरा पडदा बसवणे, फटींना पट्ट्या लावणे, खिडक्यांची आतली लाकडी दारे दुरुस्त करणे आणि जाड अस्तराचे पडदे लावणे, एवढ्याने वारा पुष्कळ थांबतो. कामाआधी कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला पत्राने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : दगडी भिंतीला ओल दिसली म्हणून सिमेंटचा गिलावा करू नये. या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्या ओल शोषतात आणि बाहेर सोडतात; सिमेंटने ती आत कोंडली जाते आणि दगड व लाकूड दोन्ही खराब होतात.

आता शेजाऱ्यांविषयी. अमेरिकी उपनगरात नवे बिऱ्हाड आले की कोणी घरी भाजलेला केक घेऊन दारात येतो, आणि त्याची सवय झालेल्या माणसाला इंग्रजी खेड्यातले मौन झोंबते. पण ते मौन बहुधा नापसंतीचे नसते. तेथे ओळख घरी बोलावून होत नाही, एकत्र काम करता करता होते. व्हिलेज हॉलच्या खुर्च्या मांडायला, चर्चच्या आवारातील गवत कापायला, उन्हाळी जत्रेत तंबू उभारायला माणसे नेहमी कमी पडतात, आणि अशा कामाला हिंदू असणे किंवा चर्चला न जाणे कधी आड येत नाही. १८९४च्या कायद्याने निर्माण झालेल्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या गावसभेच्या, बैठका लोकांना खुल्या असतात. फुटलेला रस्ता, बसचा निवारा, खेळाचे मैदान असे विषय तेथे निघतात आणि बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांना बोलण्यासाठी थोडा वेळ राखलेला असतो. आपल्या कौन्सिल टॅक्समधला, म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक करातला, थोडा हिस्सा तिच्याकडे जातो, तेव्हा जरूर जावे, पहिल्या काही बैठकांना ऐकत बसावे. आणि पायवाटेवरून जाणाऱ्यांना बागेतून हात करावा. आज अनोळखी वाटणाऱ्या त्या माणसांत आपले निम्मे गाव आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि अमेरिकी जावई बोस्टनहून सफोकमधील एका खेड्यात राहायला गेले आहेत. जावयांची नोकरी केंब्रिजला आहे. मुलगी म्हणते, घर गरम करायला तेल मागवावे लागते, जवळ औषधाचे दुकान नाही, आणि परवाना असूनही गाडीची पुन्हा परीक्षा द्यावी लागणार. मला फार काळजी वाटते. मी हिवाळ्यात त्यांच्याकडे जाण्याचा विचार करते आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे, परंतु यांतील प्रत्येक गोष्टीची घडी बसलेली व्यवस्था आहे. तातडीची बाब परवान्याची. अमेरिकेचा परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून बारा महिनेच चालतो आणि तो ब्रिटिश परवान्याशी थेट बदलून मिळत नाही. त्यांना प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, परवाना काढून ५० प्रश्नांची लेखी परीक्षा, जिच्यात ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात, पडद्यावर धोके ओळखण्याची चाचणी आणि मग रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागेल. या शेवटच्या परीक्षेची तारीख मिळायला अनेक महिने लागू शकतात, म्हणून अर्ज आजच करावा. वर्ष उलटल्यावर तशीच गाडी चालवली तर विमाही हाती राहणार नाही. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्याच गाड्यांचा मिळतो, हेही त्यांनी आधी ठरवावे. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली तर डावीकडील रुंद जागेत शिरायचे. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तीत शिरू द्यायचे.

सफोकमध्ये लेकनहीथ आणि मिल्डनहॉल हे अमेरिकी हवाई दलाचे तळ असल्यामुळे त्या भागात अमेरिकी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि जावयांना आपल्या बोलीची माणसे सहज भेटतील. मात्र सैन्यातील कुटुंबांना परवाना, उपचार आणि कर यांबाबत वेगळ्या करारांचे नियम लागू असतात. त्यांचा सल्ला नागरी नोकरीवर आलेल्यांनी जसाच्या तसा घेऊ नये.

तेलाचे म्हणाल, तर गॅसची वाहिनी न पोचलेल्या खेड्यांत रॉकेलसारखे इंधन बागेतल्या टाकीत भरून ठेवतात. वीज आणि गॅसच्या दरांवर सरकारी नियामकाची कमाल मर्यादा असते, तेलावर नसते. म्हणून अनेक गावांत शेजारी मिळून एकत्र मागणी नोंदवतात आणि दर थोडा उतरवून घेतात. गावात असा गट आहे का हे मुलीने विचारावे आणि टाकी थंडीआधीच भरावी. अशा घरांना बहुधा सेप्टिक टँक असते, त्यामुळे तळणीचे तेल किंवा तूप मोरीत ओतू नये. एक सोय मात्र मराठी स्वयंपाकघराच्या बाजूची आहे : अमेरिकेतील १२० व्होल्टची उपकरणे तेथे निरुपयोगी ठरतात, पण वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असल्यामुळे नाशिकहून नेलेला मिक्सर केवळ प्लग बदलून चालतो.

औषधांसाठी दूर जावे लागेलच असे नाही. औषधाच्या दुकानापासून सुमारे १.६ किलोमीटरहून लांब राहणाऱ्या ग्रामीण रुग्णांना काही ठिकाणी डॉक्टरच्या दवाखान्यातूनच औषधे मिळतात. नाव नोंदवताना तशी चौकशी करावी. व्हिसासोबत त्यांनी प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरला असेल, तर डॉक्टरची भेट आणि रुग्णालयातील उपचार यांचे वेगळे पैसे पडत नाहीत; इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला सुमारे १० पौंड मोजावे लागतात. आपल्याला मात्र ही सवलत नाही. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सामान्य दराच्या दीडपट आकारणी होते, म्हणून आधीपासूनच्या आजारांना लागू होणारा प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नये.

हिवाळ्यात जाण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सफोकमध्ये वर्षभराचा पाऊस पुण्यापेक्षाही कमी पडतो आणि थंडीला कपडे असतात. जड जातो तो अंधार. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, खेड्यात रस्त्यावर दिवे नसतात, बस क्वचित येते आणि मुलगी-जावई कामावर गेल्यावर आपण घरात एकट्या असाल. मे-जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. पहिली भेट तेव्हाची ठेवावी. हिवाळ्यात मुलीला खरोखर सोबत हवी असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी अमेरिकी नागरिक आहे, पत्नीचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. आम्ही हेरफर्डशरमधील खेड्यात स्थायिक होत आहोत. मतदान, कर आणि बँकेचे व्यवहार यांबाबत कोणती दक्षता घ्यावी? क्रिकेट खेळायला मिळेल का?
— एक वाचक, बोस्टन

उत्तर : मतदानाचा हक्क आपल्याला नाही, पत्नीला आहे. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक कायदेशीर वास्तव्य असल्यास ब्रिटनमध्ये संसदेसह सर्व निवडणुकांत मत देऊ शकतात आणि भारत राष्ट्रकुलात आहे. तेथे पोचताच त्यांनी मतदार यादीत नाव नोंदवावे. अमेरिकेतील पतइतिहास ब्रिटनमध्ये सहसा धरला जात नाही आणि यादीतील नावामुळे नवी पत उभी राहण्यास मदत होते.

करांबाबत आपली जबाबदारी दुहेरी आहे. अमेरिकी नागरिकाला जगात कोठेही राहिले तरी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. दोन्ही देशांत करार असल्याने एकाच उत्पन्नावर बहुधा दोनदा कर पडत नाही. तथापि ब्रिटनमध्ये करमुक्त असलेल्या आयसा (आयएसए) या बचत-गुंतवणुकीच्या खात्यातील उत्पन्न अमेरिका करमुक्त मानत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते उघडण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला विचारावे. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, हे ध्यानात ठेवून स्थलांतराची तारीख ठरवावी.

क्रिकेट नक्की मिळेल. खेड्यांतील संघांना शनिवारी अकरा खेळाडू जमवणे अनेकदा कठीण जाते आणि नवा माणूस त्यांना हवाच असतो. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत चालतो, पण सराव हिवाळ्याच्या शेवटी एखाद्या शाळेच्या बंदिस्त सभागृहात सुरू होतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच क्लबच्या चिटणिसांना कळवावे, आणि चहाच्या विश्रांतीत खाण्याचे काय आणायचे, तेही त्यांनाच विचारावे.