‘जिल्ह्यात एकूण 480 मिमी पाऊस’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: धरणातलं पाणी टीएमसीत सांगतात, मग पाऊस मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीच्या एककात कसा? आणि ‘जिल्ह्यात एकूण 480 मिमी पाऊस’ हा प्रयोग बरोबर आहे का?

पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, जिरलं नाही, त्याची वाफ झाली नाही, तर सपाट जमिनीवर ते किती उंचीपर्यंत साचेल, ती उंची म्हणजे पावसाचे मिलिमीटर. पर्जन्यमापकाचं तोंड लहान असो की मोठं, उंची तीच राहते. बदलतात ते लिटर. 1 मिमी पावसाचं पाणी 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात 20 मिलिलिटर भरतं, एक चौरस मीटर गच्चीवर 1 लिटर, हेक्टरभर रानात 10,000 लिटर. धरणात साठाच मोजायचा असतो, म्हणून तिथे घनफूट किंवा घनमीटर. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर. बातम्यांतलं ‘दलघमी’ हे दशलक्ष घनमीटरचं लघुरूप.)

‘जिल्ह्यात एकूण’ हा प्रयोग मात्र चूक आहे, आणि तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. दहा तालुक्यांत प्रत्येकी 48 मिमी पाऊस झाला की कुणीतरी बेरीज करून 480 छापतं. एवढा पाऊस जिल्ह्यात कुठेच पडलेला नसतो. 26 जुलै 2005 चा मुंबईतला पाऊस आठवा: 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिमी, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. या दोन उंच्या जोडून येणाऱ्या आकड्याला कसलाच अर्थ नाही.

एकाच ठिकाणचे रोजचे आकडे जरूर जोडावेत. 1 जूनपासूनची हंगामाची बेरीज अशीच होते. वेगवेगळ्या ठिकाणांची मात्र सरासरी काढायची, तीही जमेल तिथे क्षेत्रफळाचा भार धरून, म्हणजे मोठ्या भागाच्या आकड्याला जास्त वजन देऊन.

सरासरीनेही सगळं भागत नाही. आपल्याकडे 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि ती महसूल मंडळानुसार (तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार) पाहतात. पीक वाहून गेलेल्या शेतकऱ्याला मदतीसाठी त्याच्या मंडळाचा आकडा लागतो. म्हणून बातमीत आधी मंडळांचे आकडे द्यावेत आणि मग ‘जिल्ह्यात सरासरी 48 मिमी’ असं लिहावं.