‘जिंगल बेल्स’मधला बॉब कोण?

प्रश्न असा आला आहे: “नाताळच्या कार्यक्रमासाठी लेक ‘जिंगल बेल्स’ पाठ करतेय. त्यात ‘बेल्स ऑन बॉब्स टेल रिंग’ असं ती म्हणते. बॉब हे घोड्याचं नाव का?”

नाही. त्या ओळीत ‘बॉब्स’ नाहीच, शब्द आहे ‘बॉबटेल’. आखूड कापलेली किंवा गाठ मारून वर बांधलेली शेपटी म्हणजे बॉबटेल. यातला ‘बॉब’ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बॉबकट म्हणतो ना आपण, तोच हा. माणसाचे केस असोत की घोड्याची शेपटी, आखूड केली की बॉब. मराठीत शेपूट तुटलेल्या बैलाला ‘बांडा’ म्हणतात, तो शब्द इथे नेमका बसतो.

शेपटी आखूड करण्यामागे व्यवहार होता. गाडी हाकणारा घोड्याच्या अगदी मागे बसतो आणि लगाम शेपटीच्या वरून त्याच्या हातात येतात. लांब शेपटीचा झुपका लगामात गुंतला की घोडा आवरणं अवघड.

मग घुंगरं शेपटीला बांधलेली का? तसंही नाही. बॉबटेल म्हणजे इथे तो घोडाच. पांढऱ्या बैलाला आपण ‘ढवळ्या’ म्हणतो, तशीच ही हाक. पुरावा गाण्यातच आहे. शेवटच्या कडव्यात पोराला सल्ला मिळतो, की बांड्या शेपटीचा कुमाईत घोडा घे, वेग ‘टू फॉर्टी’. म्हणजे एक मैल २ मिनिटं ४० सेकंदांत, ताशी सुमारे ३६ किलोमीटर! शर्यतीच्या शौकिनांची ही बोली. आणि घुंगरमाळ केवळ शोभेची नव्हे. बर्फावरच्या घसरगाडीला चाकं नाहीत, बर्फात टापाही फारशा वाजत नाहीत. वळणावर समोरच्याला चाहूल लागायची ती या घुंगरांनीच.

एवढं वाचल्यावर लक्षात येईल की यात नाताळ कुठेच नाही. खरोखरच नाही. जेम्स लॉर्ड पियरपाँट यांचं हे गाणं १८५७ साली बॉस्टनमध्ये छापलं गेलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘वन हॉर्स ओपन स्ले’. एका घोड्याची उघडी गाडी, शेजारी मैत्रीण, वेगाची झिंग आणि मग गाडी उलटून बर्फात आपटणं, एवढाच विषय. आपटण्यासाठी कवीनं ‘अपसेट’चं बोलीतलं रूप ‘अपसॉट’ वापरलंय. मला हा शब्द फार आवडतो, गाडी कलंडल्याचा धप्प आवाजच त्यात ऐकू येतो. ‘जिंगल बेल्स’ हे नाव १८५९ च्या आवृत्तीत आलं. गाणं लिहिलं कुठे, यावर मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड आणि जॉर्जियातलं सव्हाना ही दोन्ही गावं आजही हक्क सांगतात. मेडफर्डच्या पाटीवर १८५० साल कोरलंय. छापील प्रत मात्र १८५७ ची आहे, म्हणून मी तेच साल धरते.

लेकीला एवढंच सांगा: ‘बॉबटेल’ एका दमात म्हण, मध्ये ‘स’ नको. आणि घोड्याचं नाव हवंच असेल, तर बांड्या म्हण.