आठ चापडे दिसले, मग आहेत किती?

प्रश्न : जुलैत चोर्ल्याजवळच्या ओहोळावर एका रात्रीत 8 मलबारी चापडे (विषारी सापाची एक जात) दिसले. मार्चमध्ये त्याच वाटेवर एकही नाही. संपले का? (वाळपई)

संपले नाहीत, दिसेनासे झाले. पावसात चापडा ओहोळाकाठच्या फांदीवर बेडकासाठी दबा धरून बसतो; कोरड्या दिवसांत बाहेर कमीच येतो. म्हणून जुलैची तुलना जुलैशीच करा. तीच वाट, तेवढेच तास, तेवढीच माणसं. आणि ज्या रात्री काहीच दिसलं नाही, तीही वहीत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत नेमक्या त्याच रात्री गाळलेल्या असतात!

प्रश्न : साप धरून रंगाची खूण केली तर खरा आकडा मिळेल का? (फोंडा)

नको. कात टाकली की रंग गेला, शिवाय विषारी साप परवानगीशिवाय धरायचा नाही. फोटो काढा, अंगावरच्या नक्षीवरून एकेक चापडा ओळखता येतो. समजा, पहिल्या फेरीत 20 वेगवेगळे टिपले. दुसरीत 15 दिसले, त्यांतले 5 आधीचे. म्हणजे दुसऱ्या फेरीत तिसरा हिस्सा ओळखीचा. तर पहिले 20 हेही एकूण सापांचा तिसरा हिस्सा धरायचे. एकूण 60. नमुना लहान असला की हे गणित आकडा फुगवतं. चॅपमनची दुरुस्ती (तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून गणित करायचं, उत्तरातून एक वजा) लावली की 55 येतात.

मेख पुढेच आहे. चापडा महाआळशी, एकाच फांदीवर रात्रीमागून रात्र बसून राहतो. दुसऱ्याच दिवशी गेलात तर तेच चेहरे भेटतील नि आकडा उगाच खाली येईल. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पण वर्षभर थांबू नका. तोवर काही मेलेले असतील, काही नवे जन्मलेले.

प्रश्न : कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी किती? (दुर्भाट)

कधी मोजता त्यावर आहे. थंडीतल्या सकाळी, ओहोटीला, मगरी काठच्या चिखलावर ऊन खात पडतात; भरतीला तोच काठ रिकामा. रात्री होडीतून टॉर्च मारला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, पण खारफुटीत शिरलेली किंवा बुडी मारलेली मगर सुटतेच. म्हणून कालव्याच्या एकाच टप्प्यात अनेक फेऱ्या मारा. सर्वांत मोठा आकडा म्हणजे ‘निदान इतक्या’. आणि पौषातल्या अमावस्येला मांगे थापणारी (चिखलाची मगर करून पूजणारी) तुमच्याच भागातली माणसं सोबत घ्या; मगर कुठल्या मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) बसते, हे त्यांना होडीवाल्यापेक्षा आधी कळतं.

प्रश्न : मोरजीला 12 घरटी, म्हणजे 12 कासवं? (पेडणे)

नाही. एकच मादी एका मोसमात दोन-तीनदा अंडी घालू शकते, आणि नर वाळूवर येतच नाहीत. वहीत ‘12 घरटी’ एवढंच लिहा.