बास माशाच्या नादी लागलायस तर हे आधी ऐक

अरे डॅलसला नवीन आहेस ना, मग पहिल्याच महिन्यात महागडी रॉड-रील (गळाची काठी आणि दोऱ्याचं रीळ) घेऊन बसू नको, सात फुटी स्पिनिंग रॉड बास झाली (हा पाणचट विनोद इथले सगळे मराठी करतात, सवय कर). मासेमारीचं लायसन्स काढण्याआधी नुसतं करून बघायचं असेल तर रे रॉबर्ट्स लेकच्या स्टेट पार्कात जा, टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही, एंट्री फी तेवढी भर.

आमिष म्हणशील तर टेक्सास रिग शीक, आमिषांचे बाकी दहा डबे नंतर. प्लास्टिकचं गांडूळ, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं वजन, आणि गळाचं टोक परत गांडुळाच्या अंगात लपवायचं म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही, कारण बास बसतो तिथेच, बुडलेल्या बुंध्याशी दबा धरून. मी सुरुवातीला दोन महिने जोर लावून लांब फेकायचो आणि मासे माझ्या पायाशी! मार्च-एप्रिलात तर अंडी घालायला उथळातच येतात. तळाला जाऊ दे, दोऱ्यावर बोट ठेव, टिचकी मारल्यासारखं टक-टक झालं की ढील आवर आणि दे झटका.

धरताना खालच्या जबड्यात अंगठा घाल, दात सँडपेपरसारखे असतात, दोन-चार मासे काढलेस की अंगठा सोलवटेलच. नियम साधारण 14 इंचाखालचा सोडायचा, दिवसाला जास्तीत जास्त 5 ठेवायचे, पण लेक फोर्कला वेगळं आहे, तिथे 16 ते 24 इंचांमधला परत पाण्यात. तेव्हा मोजपट्टी खिशात ठेवच.

आणि खायला मला तरी कॅटफिशच बरा वाटतो, बासचं कालवण एकदा केलं होतं, घरी कुणी परत मागितलं नाही.